मधुकाकाचे टी-शर्ट

आमच्या घरात टी-शर्टला कोणी कपडा म्हणत नव्हतं. कपडा म्हणजे साडी, पँट, बुशशर्ट, गेला बाजार धोतर. टी-शर्ट ही फुकटची वस्तू. सेलूच्या बाजाररस्त्यावर आमचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. पेरणीचे दिवस जवळ आले की बियाण्यांच्या कंपन्यांची माणसं मोटारसायकलीवर यायची, दोन-दोन कप चहा प्यायची आणि पाठीवर कापसाचं भलंमोठं बोंड छापलेल्या टी-शर्टांचा गठ्ठा टाकून जायची. बाबा ते शेतकऱ्यांना वाटायचे, उरलेले घरात यायचे. बाबा घालायचे, मधुकाका घालायचे, पोती उचलणारा हमाल घालायचा, दूधवाला घालायचा. एखाद्या वर्षी तर अख्ख्या सेलूच्या पाठीवर एकच बोंड फिरायचं. मागून माणूस ओळखायची सोय नव्हती. बाबा समजून मी एकदा भर बाजारात परक्याच माणसाचा हात धरला होता आणि "चला ना, भाजी थंडी होऊन राह्यली" म्हणून त्याला घराकडे ओढलं होतं.

हे टी-शर्ट विटले की त्यांचं काय करायचं, हा प्रश्न असायचा. कारण भांडेवाली ते घ्यायची नाही. डोक्यावर टोपलं घेऊन ती यायची, आई जुने कपडे काढायची, आणि ओट्यावर दोघींची दीड-दोन तास जुंपायची. दोन साड्यांवर एक गंज, म्हणजे पातेलं, तीन पँटींवर एक डबा, आणि वर एक चमचा मागायचाच. पण टी-शर्ट दिसला की ती बाई तो दोन बोटांत उचलून आमच्याच अंगावर टाकायची. "ह्याचं काय करू वं बाई? हे तं पुसणं हाय." मग ते खरोखरच पुसणं व्हायचं. त्यानं सायकल पुसायची, ओटा पुसायचा, आणि अगदीच जाळी झाली की आई त्याच्या पट्ट्या कापून परसातली टमाट्याची झाडं काठीला बांधायची.

त्या पट्ट्यांवरूनच मला नाद लागला. एकदा आईनं दिलेली पट्टी मी उगाच दोन्ही हातांनी ओढली, तर ती आपोआप आत वळली आणि तिची गोल, गुबगुबीत दोरी झाली. मला इतका आनंद झाला की मी दिवसभर पट्ट्याच ओढत बसले. मग एक-एक शोध लागत गेला. बाह्यांच्या खालून टी-शर्ट आडवा कापायचा, खालचा गोल भाग घ्यायचा, चार बोटं कड सोडून बोटभर रुंद पट्ट्या कापत जायच्या, आणि शेवटी ती सोडलेली कड तिरकी कापायची. मग गाठ न मारता एका टी-शर्टाची एकच लांब दोरी निघते, परसातून ओट्यापर्यंत जाईल एवढी. टेरिकॉटच्या मिसळीचा टी-शर्ट मात्र हरामखोर, कितीही ओढा, वळत नाही. सुताचाच पाहिजे. आणि कापसाच्या मुलखात सुताला काय तोटा?

आता ताईची नात मला मोबाइलवर दाखवते, "आजी, हे पाय, टी-शर्टाचं यार्न." गोऱ्या-गोमट्या बाया हसत हसत कात्री चालवतात, वर गाणं लावलेलं असतं, आणि असल्याच दोरीचे गोल गुंडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून विकायला ठेवलेले असतात. मला हसू येतं आणि खरं सांगायचं तर रागही येतो. आमच्या घरात याला चिंध्यांचा नाद म्हणायचे. "शिकली-सवरली पोट्टी अन् चिंध्या फाडत बसते," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि मी तिच्यासमोरच आणखी एक फाडायची.

विणायला शिकवलं काकूनं. मधुकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आणि काकू त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. दुपारी जेवणं झाली, कुरडयांचं ताट उन्हात सरकवून झालं, की काकू कूलरसमोर बसून पांढऱ्या दोऱ्याचे क्रोशाचे रुमाल विणायची. तिचा टाका इतका सारखा असायचा की मला चीड यायची. माझ्या जाड दोरीला तिची बारीक सुई चालेना, म्हणून मी सुताराकडून बाभळीच्या लाकडाची मोठी सुई करून घेतली. तो म्हणाला, "कायले पायजे वं एवढी मोठी? बैलाचं नाक टोचतं का?" मी म्हटलं, "हाव, तुह्यापासूनच सुरू करतो." तेव्हा माझी जीभ अशीच होती. आताही फार सुधारली आहे असं नाही.

मधुकाका दुकानातलं खरं माणूस. बाबा हिशेबी, शांत. काका गिऱ्हाइकाला हसवल्याशिवाय बियाण्याची पिशवी द्यायचे नाहीत. तराजूत खत टाकताना शीळ घालायचे, आणि संध्याकाळी त्याच टी-शर्टात शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळून घामानं निथळत यायचे. जेवायला बसले की गोळाभातावर तेल इतकं ओतायचे की आई भांडं उचलून ठेवायची. एका सकाळी पोती मोजता मोजता छातीला हात लावून खाली बसले. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, पण ते परत आले नाहीत. शीळ बंद झाली तेव्हा कळलं की आमच्या घरात दुसरा काही आवाजच नव्हता.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. तेरवी झाली की कोणाला तरी द्यायचे, नाहीतर नदीत सोडायचे. आईनं काकाच्या पँटी, शर्ट, स्वेटर, चपलासुद्धा काढून दिल्या. टी-शर्टांकडे तिचं लक्ष गेलं नाही. ते कपडे नव्हतेच ना! काकूनं ते दहा-अकरा टी-शर्ट न धुता एका पिशवीत भरले आणि आपल्या खोलीत दारामागच्या खुंटीला टांगून ठेवले. हे मला माहीत नव्हतं, कोणालाच माहीत नव्हतं. काकू तेव्हापासून मागच्या पडवीत आणि स्वयंपाकघरातच असायची. दुकानाच्या दारापर्यंतही यायची नाही, आणि क्रोशाची सुई तर तिनं हातातच धरली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ताईचं लग्न ठरलं. आष्टीकडचं शेतकरी घर, मुलगा बँकेत. घरात रुखवताची धांदल सुरू झाली. शेजारणी मण्यांची तोरणं घेऊन यायच्या, मावशीनं शंकरपाळ्यांचा बंगला बांधायला घेतला होता. माझ्या डोक्यात एकच, मांडवात रुखवतासमोर अंथरायला मोठा गोल गालिचा करायचा, सगळ्यांची तोंडं बंद होतील असा. अर्धा झाला आणि दोरी संपली. मी घरभर टी-शर्ट शोधत हिंडले. बाबांच्या अंगातला तेवढा सोडला. काकू मागच्या दारानं दळण घेऊन मागच्या गल्लीतल्या गिरणीत गेली होती. तिच्या दारामागे पिशवी दिसली, पिशवीत बोंडवाले टी-शर्ट दिसले, तेच, सगळ्या गावाच्या पाठीवर असतात तसे. मला वाटलं, काकूनं माझ्यासाठीच जमवून ठेवले असतील. मी पडवीत बसले आणि एकामागून एक सगळे कापले. हात चांगला बसला होता. दुपार कलायच्या आत सगळ्यांचे गुंडे तयार झाले.

काकू पिठाचा डबा घेऊन आली. डबा तिनं खाली ठेवला, टाकला नाही, हे मला अजून आठवतं. माझ्यासमोर गळ्यांचा आणि बाह्यांचा ढीग पडला होता. ती खाली बसली, एक गळा उचलला, नाकाशी धरला. मग दुसरा. मग तिसरा. मी म्हटलं, "काकू, पाय ना, किती लांब निंघाली दोरी." ती म्हणाली, "तुह्या काकाचे व्हते ते, सुमे." आणि तोंडात पदर कोंबून आत गेली. मी कात्री हातात घेऊन तशीच बसून राहिले. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, काही मुद्दाम केल्या, पण त्या दुपारच्या चुकीएवढी लाज मला कशाचीही वाटली नाही. आजही वाटते.

मग घरात जे व्हायचं ते झालं. आईनं कपाळावर हात मारला. "मायबाई! वर्षभर मेलेल्या माणसाचे कपडे घरात व्हते? अन् हे पोट्टी ते रुखवतात मांडून राह्यली? हात दाखवून अवलक्षण करा आता!" बाबा दुकानातून आत आले, ढीग पाहिला आणि तोंड फिरवलं. "सगळं एका पोत्यात भर, सुमन," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "उद्या मी बोर नदीत सोडून येतो. त्या लोकाईले कळलं तं लग्नात विघ्न येईन."

"नाई भरत," मी म्हटलं.

"काय म्हटलं?"

"नाई म्हटलं. तिनं जपून ठेवलते, मी कापले. आता मीच विणून देईन तिले. तिच्याजवळ दुसरं काय हाय त्याहिचं? एक पँट तरी ठेवली का तुमी तिले?"

बाबांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशीही उगारला नाही, पण तो किती वर आला होता ते मी पाहिलं. आतून काकूचा आवाज आला, "नेऊ द्या भाऊजीले. माह्यामुळं लग्नात वाकडं नोको." तिचं ते ऐकून मी आणखी पेटले. दुसऱ्या दिवशी बाबा उठायच्या आत गुंडे, गळे, बाह्या, अर्धा गालिचा सगळं उचललं आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. घरात आईनं हिसकावून घेतलं असतं. पायरीवर गिऱ्हाईक होतं, आणि चार लोकांत बाबा ओरडायचे नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. लबाडीच होती ती, मी नाही म्हणत नाही.

शेतकरी यायचे, पायरीवर टेकायचे. "काय विणून राह्यली वं बाई?" मी मोठ्यानं सांगायची, "गालिचा हाय. मधुकाकाच्या टी-शर्टाचा." गल्ल्यावर बसलेल्या बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगायची. कोणी "बरं नाई हे" म्हणून उठून जायचं. एक म्हातारे पाटील मात्र बराच वेळ बसले आणि म्हणाले, "माह्याजवळ बी हाय एक, त्यानंच देल्लता. आणू का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी तो धुऊन, घडी करून आणला. बाबांनी तो घेताना माझ्याकडे पाहिलं आणि पाटलांसाठी चहा सांगितला. मला काही बोलले नाहीत. जेवतानाही बोलले नाहीत. ते माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत, आणि मीही अन्न सोडलं नाही. त्यांच्यासमोर बसून भाकरीवर अंबाडीची भाजी दोनदा मागून घेतली.

काकूही बोलत नव्हती, आणि ते मात्र मला सहन होत नव्हतं. चौथ्या का पाचव्या दिवशी दुपारी, दुकान रिकामं असताना, घराकडच्या दाराआडून आवाज आला, "टाके वाढवून नाई राह्यली तू. कडा वर येऊन राह्यल्या. टोपलं व्हईन त्याचं." मी गालिचा खाली अंथरून पाहिला. खरंच, मधे खोलगट आणि कडेला उभा. दारातून एक हात बाहेर आला. मी गालिचा त्या हातात दिला. रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत काकूनं माझ्या पाच फेऱ्या उसवल्या होत्या आणि स्वतःच्या तीन घातल्या होत्या. त्या बाभळीच्या सुईनं तिच्या बोटाला फोड आला. मी तेल लावायला गेले तर म्हणाली, "हात नोको लावू, अजून राग हाय मले तुह्या." मग तिनं स्वतःच हात पुढे केला.

मधला भाग जुन्या पुसण्यांचा होता आणि त्याच्या भोवती सगळा मधुकाका. पिवळा, आकाशी, पांढरा, पुन्हा पिवळा. गळ्यांच्याही पट्ट्या करून काकूनं शेवटची कड भरली. एक बाही तेवढी तिनं ठेवून घेतली. लग्नाच्या आदल्या दिवशी बाबा शेवटी बोलले. "हे पाय सुमन. रुखवताजवळ हे दिसाले नोको. लग्न पार पडू दे. मंग मी नदीत सोडीन, अन् त्याच्यावर एक शब्द नोको मले." आई मागून कुजबुजली, "अन् कोणी इचारलं तं पुसण्याचा हाय म्हणजो. खोटं तं नाई ना ते."

मी रात्रभर... नाही, खोटं कशाला, मी रात्री गाढ झोपले. विचार सकाळी केला. चार लोकांनी पाहिलेली, नावानिशी सांगितलेली वस्तू गुपचूप नदीत सोडता येत नाही. ताईला विचारलं. अंगाला हळद, हातात मेंदी, ती म्हणाली, "माह्या लग्नात काका पायजेतच. अंथर." बस्स. वऱ्हाड यायच्या आधी मी दुकानापुढच्या मांडवात गेले आणि शंकरपाळ्यांच्या बंगल्यासमोर, जमिनीवर, तो गालिचा पसरला. टोपलं झालं नव्हतं. कागदासारखा सपाट बसला.

वऱ्हाड आलं. विहीणबाई उंच, रुबाबदार, शेतात राबलेल्या हातांची बाई. त्यांनी तोरणं पाहिली, बंगला पाहिला, गालिच्यापाशी थांबल्या. वाकून हात फिरवला. "कोणं केला हा? कायचा हाय?" आई माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. पुसण्याचा आहे म्हटलं असतं तर संपलं असतं. मी म्हटलं, "मी अन् काकूनं केला. माह्या काकाच्या टी-शर्टाचा हाय. ते मांगच्या साली गेले."

विहीणबाईंच्या मागे कोणीतरी म्हणालं, "आं? गेलेल्याचे कपडे? लग्नात?" दुसरी बाई म्हणाली, "अन् विधवेच्या हातचं. शुभ-अशुभ काई हाय का नाई या घरात?" विहीणबाईंनी हात मागे घेतला. बाबांना दरदरून घाम आला होता. "चूक झाली, पोट्टी नादान हाय," ते म्हणाले, आणि वाकून गालिच्याची कड धरून गुंडाळायला लागले. मी त्यावर पाय ठेवला. त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती, आणि तिच्यापुढे माझा पाय मागे सरायला लागला. खरं सांगते, मी तेव्हा हरले होते.

तेवढ्यात घरातून काकू आली. स्वयंपाकातूनच आली होती. कोपरापर्यंत मसाला, कपाळावर घाम, साधं सुती लुगडं. वर्षभरात ती घराच्या पुढच्या अंगाला आली नव्हती, ती भर मांडवात आली, बायांमधून वाट काढली, आणि गालिच्याच्या मधोमध मांडी घालून बसली.

"आता गुंडाळा," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "गुंडाळा ना, भाऊजी. मलेही धरून गुंडाळा अन् सोडून या नदीत. माहा माणूस या घराच्या प्रत्येक कार्यात पंगत वाढाले सगळ्यात पुढं व्हता. आज पुतणीचं लग्न हाय, आज तो काऊन अशुभ झाला?" ती रडत नव्हती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. शालूत घामाघूम झालेली ताई दारातून बघत होती.

बाबा कड धरून वाकलेलेच होते. मग त्यांनी हातातली कड सोडली. गुंडाळलेला भाग परत उलगडला, त्याला पडलेली चुणी तळहातानं दाबून सरळ केली, एकदा, दोनदा, जरुरीपेक्षा जास्त वेळा. मग ते उभे राहिले आणि विहीणबाईंकडे वळले.

"माहा भाऊ व्हता तो," बाबा म्हणाले. "राहू द्या त्याले इथीच."